दही पुन्हा पुन्हा तारेचं होतंय? दूध बदलू नका, विरजण तपासा

"वहिनी, परत तार!"

धाकट्या नणंदेचा नाशिकहून फोन. जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसात. दिवाळीपासूनचा हा चौथा फोन आणि रडगाणं तेच. दही लागतं, दिसायला घट्ट, चवही बरी, पण चमचा उचलला की मागोमाग मधासारखी तार. तिचा नवरा खात नाही, लेक वाटी बघूनच नाक मुरडते. सासूबाईंचा संशय दूधवाल्यावर.

मी २२ वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्तीनंतर पगार थांबला, दह्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्यातली तारेची तक्रार दर हिवाळ्यात हमखास येते, आणि दर वेळी लोक चुकीच्या जागी शोध घेत बसतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

तिने तोवर काय काय केलं होतं ते आधी सांगते, कारण तुम्हीही बहुतेक हेच केलं असेल. दूध बदललं. आधी पिशवीचं होतं, मग सुटं म्हशीचं घेतलं. पातेलं चिंचेने घासलं. दुधात चमचाभर साखर घातली. देठासकट लाल मिरची टाकून पाहिली. विरजणसुद्धा तीनदा नवीन आणलं. प्रत्येक उपायाला एखादा दिवस बरा जायचा, तिसऱ्या दिवशी तार हजर. यातली विरजणाची गोष्ट लक्षात ठेवा. तिथेच खरी गंमत होती, आणि मलाही ती पहिल्या तीन फोनांत कळली नाही.

तार म्हणजे काय

विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्ल वाढत वाढत दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं करतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. हेच आपलं लागलेलं दही. या जिवाणूंपैकी काही जातींना आणखी एक सवय असते. त्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या विणून पेशीबाहेर सोडतात. या साखळ्या जाळ्यात गुंतल्या की चमच्यामागे तार निघते. दुधात कोणी काही मिसळलेलं नसतं. सासूबाईंचा दूधवाला निर्दोष होता. निदान या बाबतीत.

आता थंडीचा संबंध. घरच्या विरजणात एकच जिवाणू नसतो, अख्खी वस्ती असते. त्यात ढोबळमानाने दोन गट. एकाला ४० ते ४५ अंश सेल्सिअसची ऊब मानवते: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याला ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि तो २० अंशांतही कुरकुर न करता वाढतो: लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक ही मंडळी. २० च्या खाली पहिला गट जवळजवळ गप्प बसतो आणि वस्ती दुसऱ्याच्या ताब्यात जाते. तार विणणाऱ्या जाती या दुसऱ्या गटात बऱ्याच, आणि त्या भरपूर तार काढतात ती १८-२० अंशांतच. शिवाय लॅक्टोकॉकसमध्ये तारेची जनुकं मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळावर असतात. जिवाणू उबेत वाढत राहिला की ते वर्तुळ गळून पडू शकतं. उन्हाळ्यात आपल्याकडे तारेच्या तक्रारी कमी का होतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये हीच तार कौतुकाची आहे. तिथलं लाँगफिल किंवा व्हीली चमच्याने ओढलं की वीतभर लांबतं आणि लोक ते आवडीने खातात. तिथली थंडी, तिथलं विरजण. आपल्याला कवडी पडलेलं दही हवं असतं, म्हणून आपण त्याला बिघाड म्हणतो.

आधी हे बघा: खायचं की फेकायचं

वास नेहमीसारखा आंबूस, चव ठीक आणि फक्त तार, असं दही खाऊन काही होत नाही. पण विरजण न लावलेलं नुसतं दूधच फ्रीजमध्ये बुळबुळीत झालं, तर ती वेगळी जमात. ती बाहेरून, पाण्यातून किंवा अस्वच्छ भांड्यातून येते. दही फुगून आलंय, पोटात बुडबुड्यांची भोकं आहेत, कुजका किंवा यीस्टचा वास येतोय, गुलाबी वा काळा डाग दिसतोय, तर चव घेऊन बघण्याच्याही फंदात पडू नका. वरचा भाग काढून खालचं वापरायचं, ही काटकसर दह्याला लागू नाही.

नाशिकच्या स्वयंपाकघरात

संक्रांतीला जायचंच होतं. पिशवीत तिळाच्या वड्यांबरोबर थर्मामीटर टाकला.

रात्री आठ वाजता तिने नेहमीच्या हाताने दही लावलं आणि मी मधे न बोलता बघत बसले. दूध निवलं, तिने करंगळी बुडवली. "कोमट आहे." थर्मामीटर म्हणाला ३४. दोष तिचा नाही. थंडीत बोटंच इतकी गार असतात की ३४ अंशांचं दूधही छान कोमट लागतं, उन्हाळ्यात तेच बोट वेगळं सांगेल. मग कालच्या डब्यातून, तळाशी उरलेलं, मोठे दोन चमचे विरजण. ढवळलं. स्टीलचा डबा, वर झाकण, आणि डबा ओट्यावर, खिडकीखाली, थेट ग्रॅनाइटवर. ग्रॅनाइट उष्णता कशी शोषतो हे जाणून घ्यायचं असेल तर जानेवारीत पहाटे त्याच्यावर तळहात ठेवून बघा. अकरा वाजता दूध २४ अंशांवर आलं होतं. सकाळी सहाला १७. दही उचललं दहा वाजता, म्हणजे लावल्यापासून १४ तासांनी. तारवाल्यांना याहून चांगला पाहुणचार कुठे मिळणार?

दुसऱ्या रात्री चार वाट्या मांडल्या. हा प्रयोग तुम्हीही करा, एका रात्रीत निम्मं कोडं सुटतं. दूध चारही वाट्यांत एकाच पातेल्यातलं. पहिलीत तिचं जुनं विरजण, वाटी नेहमीसारखी ओट्यावर. दुसरीत तेच विरजण, पण दूध ४३ अंशांना आणि वाटी कॅसरोलमध्ये. तिसरीत शेजारच्या काकूंकडून मागून आणलेलं विरजण, तीही उबेत. चौथीत विरजणच नाही, नुसतं उकळलेलं दूध, उकळत्या पाण्याने विसळलेल्या वाटीत, झाकून ओट्यावर. या चौथ्या वाटीला बहुतेक लोक हसतात, पण दूध आणि भांडं दोषी की निर्दोष हे तीच सांगते.

सकाळी पहिल्या वाटीत हातभर तार. दुसरीत तार होती, पण तोकडी, चमच्यावरून लगेच तुटणारी. तिसरी स्वच्छ, चमच्याने कापली तर कड उभी राहिली. चौथीतलं दूध गोड आणि पातळ, जसंच्या तसं. म्हणजे दूध बरं, भांडं बरं. गडबड विरजणात, आणि थंडी तिला खतपाणी घालत होती. पुढच्या रात्री काकूंचं विरजण मुद्दाम ओट्यावर ठेवून पाहिलं. सकाळपर्यंत दही नीट लागलंच नाही, हललं की लदलदायचं, पण तार नव्हती. तार व्हायला तार विणणारा लागतो. नुसत्या थंडीने दही आळशी होतं, तारेचं होत नाही.

मग तीनदा विरजण बदलूनही तार का?

"नवीन विरजण आणलंस ते कुठून?"

"कुठून म्हणजे, दुकानातून. कपातलं दही."

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच. हे मला पहिल्या फोनवर विचारायला हवं होतं.

कपातलं दही टेंपोतून हिंदकळत दुकानात येतं. वर निवळ सुटलेली दिसली की गिऱ्हाईक कप परत ठेवतं. जिलेटिन किंवा स्टार्च घालून हे थांबवता येतं, पण त्याऐवजी पाणी धरून ठेवणाऱ्या, साखरेच्या साखळ्या विणणाऱ्या जाती विरजणातच वापरायच्या, हा उद्योगातला रुळलेला मार्ग आहे. डेअरीत तापमान अंशाअंशाने सांभाळलेलं, वेळ मोजलेला, पीएच ठरलेल्या जागी आला की दही थेट शीतगृहात. तिथे त्या साखळ्या दह्याला नुसती मऊ सायीसारखी जाडी देतात. तेच जिवाणू घरी १७ अंशांच्या ओट्यावर १४ तास मोकळे सोडले की तार. माझ्या नणंदेने तीन वेळा तीन कप आणले, म्हणजे तीन वेळा नवे विणकर घरी आणले. सगळ्याच कपांत असे जिवाणू असतात असं नाही, आणि लेबलवरून ते ओळखूही येत नाहीत. म्हणून घरच्या विरजणाची सुरुवात कपापेक्षा अशा घरून करा, जिथलं दही वर्षानुवर्षं चांगलं लागतंय. मागायला लाजू नका. विरजण मागण्याइतकी जुनी उसनवारी दुसरी नसेल.

दुरुस्ती

जुनं विरजण पूर्ण बंद. "अर्धं जुनं, अर्धं नवीन" असला समेट नको. डबा, झाकण, चमचा, पळी घासून झाल्यावर वरून उकळतं पाणी ओता. झाकणाला रबराची कडी असेल तर ती काढून वेगळी धुवा. नणंदेच्या डब्याच्या कडीखाली मला पिवळसर थर सापडला. तो तिथे कधीपासून होता कोण जाणे.

दूध उकळी आल्याबरोबर उतरवू नका, मंद आचेवर ढवळत आणखी पाच-सात मिनिटं ठेवा. जंतू मारण्यापलीकडे याचा एक फायदा आहे. निवळीत जाणारी प्रथिनं उष्णतेने उलगडतात, केसिनला चिकटतात आणि दह्याचं जाळं भक्कम होतं, पाणी कमी सुटतं. पिशवीवर पाश्चराइज्ड लिहिलंय म्हणून दूध नुसतं कोमट करून दही लावणारे पातळ दह्याची तक्रार करतात, त्यांनी हे एकदा करून बघावं.

मग दूध ४२-४३ अंशांपर्यंत निवू द्या. दीडदोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या, बोटावर भिस्त ठेवू नका. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण बास. जास्त घातलं की लवकर आणि चांगलं लागतं हा गैरसमज. लवकर लागतं हे खरं, पण आंबट आणि ठिसूळ होतं. विरजण वाटीत थोड्या दुधात फेटून मग मिसळा. त्यानंतर ऊब टिकवा. कॅसरोल चालेल, तांदळाच्या डब्यात खोचलेलं भांडं चालेल, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलं तरी चालेल. दगडावर मात्र ठेवू नका, खाली लाकडी पाट घ्या. मातीचं भांडं असेल तर उत्तमच, ते पाणी शोषतं आणि दही घट्ट होतं. पण मातीच्या छिद्रांत जुनी वस्ती घर करून राहते, म्हणून तारेचं दही झालेलं मडकं परत दह्याला वापरू नका. त्यात पुदिना लावा.

पाच-सहा तासांनी भांडं हलकेच तिरकं करून बघा. दही कडेपासून एकसंध सुटलं की लागलं. लगेच फ्रीजमध्ये. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही: पंगतीला दही वाढण्याआधी, कोणाचा चमचा पडण्याआधी, विरजणाची छोटी वाटी बाजूला काढा. आपल्याकडे उलट चालतं. सगळ्यांचं जेवून झालं की तळाला उरेल ते विरजण. त्यात कोशिंबिरीचा चमचा बुडलेला असतो, कोणाच्या तरी भाताचं शीत पडलेलं असतं, आणि ते दिवसभर आंबून अर्धमेलं झालेलं असतं. बाजूला काढलेली वाटी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरा. चांगलं लागलेलं विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवूनही ठेवा. तार परत आली तर ट्रेमधला एक खडा काढायचा, शेजारी जायला नको. गोठवलेलं विरजण पहिल्या खेपेला तास-दोन तास जास्त घेतं.

देठाच्या मिरचीबद्दल विचारणारे असतातच. हो, विरजण अजिबात नसेल तेव्हा तिने दही लागतं, देठावर हे जिवाणू असतात. पण त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण असतं याचा भरवसा नाही. पहिली एक-दोन विरजणं टाकून पुढचं धरावं लागतं. लिंबू पिळून मात्र दही होत नाही, दूध फाटतं.

दही लागतच नसेल तर

हा वेगळा आजार, पण फोन त्याचेही येतात. दूध कढत असताना विरजण घातलं तर जिवाणू मरतात, हे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेलं कारण म्हणजे प्रतिजैविकं. गाई-म्हशींना कासदाह झाला की पेनिसिलिनसारखी औषधं देतात, आणि त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. विकलं गेलं तर त्यातला अंश दह्याच्या जिवाणूंना पुरेसा असतो. थर्मोफिलस यात फार नाजूक. दूध उकळून औषध जात नाही. आमच्याकडे एकदा एका टँकरच्या दुधाला काही केल्या दही धरेना. पीएच जागचा हलत नव्हता आणि शेजारच्या टाकीत तेच विरजण व्यवस्थित काम करत होतं. घरी ओळखायचं असेल तर तेच विरजण दुसऱ्या दुधाला लावून बघा. तिथे लागलं तर दूधवाल्याशी बोला. सासूबाईंचा संशय इथे कामी येईल.

डेअऱ्यांना त्याहून मोठी धास्ती विषाणूंची. जिवाणू खाणारे हे फाज १९३५ मध्ये न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी चीजच्या विरजणात दाखवून दिले. तेव्हापासून कारखाने विरजणं आलटूनपालटून वापरतात. याच भांडणातून पुढे मोठं काम झालं. थर्मोफिलस या फाजांपासून स्वतःला क्रिस्पर नावाच्या जनुकीय बचाव-यंत्रणेने वाचवतो, हे २००७ मध्ये एका विरजण-कंपनीच्या संशोधकांनी सिद्ध केलं. जनुकं कापायच्या ज्या तंत्राचा आज एवढा बोलबाला आहे, त्याचा एक धागा दह्याच्या भांड्यातून जातो. घरच्या विरजणात इतक्या जाती एकत्र नांदतात की एक मेली तर दुसरी काम उरकते, त्यामुळे घरी फाजचा त्रास क्वचितच.

तारेच्या दह्याचं काय करायचं

रवीने जोरात घुसळा, तार तुटते आणि ताक चांगलं होतं. कढी करा, थालीपिठाच्या पिठात घाला, ढोकळ्याला वापरा. चक्का मात्र बांधू नका. त्या साखळ्या पाणी सोडत नाहीत. फडकं रात्रभर टांगलं तरी निवळ थेंबथेंब गळते आणि सकाळी हाती येतो तो ओला गोळा. श्रीखंडाचा बेत असेल त्या दिवशी हा धोका पत्करू नका.

तारेचं दही जास्त पौष्टिक असतं, पोटाला औषध असतं, असे निरोप फिरतात. जिवंत जिवाणू असलेलं दही लॅक्टोज न पचणाऱ्यांना सोसतं हे मान्य झालेलं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा स्वीकारला, अट एवढीच की दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. कढीत ते जिवंत राहत नाहीत, हे उघड आहे. तारेमुळे खास काही मिळतं म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

जाता जाता: बल्गेरिकस हा २०१२ पासून भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव आहे. हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत तशी घोषणा झाली. हे ऐकून नणंदेच्या लेकीने दही खाल्लं. पहिल्यांदाच, न कुरकुरता.

परवा परत फोन. मार्च अर्धा सरलाय.

"वहिनी, तार अजिबात नाही. पण हल्ली दही फार आंबट होतंय हो."

"ब्लँकेट काढलंस का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"तुम्हीच म्हणाला होतात ना गुंडाळायला."